और्ध्वदेहिक ते उत्तरकार्य : कोल्हापुरातल्या शब्दनोंदी

प्रकल्प : मरणोत्तर विधींचे मराठी शब्द, त्यांचा उगम आणि वापर. लिहिण्याचं काम माझ्याकडे. संगणकाची बाजू एक सहकारी बघते. संस्कृत तपासून देतात ते एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणतो. या नोंदी काम चालू असताना केलेल्या आहेत, त्यामुळे जिथं खोल गेलो तिथं जास्त लिहिलंय.

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

यादीतला पहिला मोठा शब्द घेतला : और्ध्वदेहिक. कोल्हापुरात आज कुणाच्या तोंडी नाही. पोथ्यांत आहे, पद्धतींच्या (विधी कसे करायचे ते सांगणाऱ्या ग्रंथांच्या) हस्तलिखितांत आहे, जुन्या कोशांत आहे. 'ऊर्ध्व' म्हणजे वर, आणि त्यावरूनच 'नंतर'. देह पडल्यानंतरच्या अवस्थेशी ज्याचा संबंध ते और्ध्वदेहिक. ऊर्ध्वदेहाला 'इक' प्रत्यय लागून शब्द बनतो, पहिल्या अक्षराची वृद्धी होऊन 'औ' येतो. काही ठिकाणी मधल्या 'दे'चीही वृद्धी करून 'और्ध्वदैहिक' लिहिलेलं सापडतं. गुरुजींच्या मते दोन्ही रूपं व्याकरणाला धरून आहेत. मुख्य नोंद 'दे'ची ठेवायची, 'दै'वरून तिकडे वळवायचं.

जवळचा दुसरा शब्द अंत्येष्टी. तो सोपा आहे : अंत्य इष्टी, शेवटचा यज्ञ. सोळा संस्कारांतला शेवटचा. अग्नी द्यायचा ती आहुती म्हणूनच. पण अंत्येष्टी म्हटलं की नजर चितेपाशी थांबते. और्ध्वदेहिक तिथून पुढे जातं : अस्थिसंचयन, दहा दिवसांचे पिंड, अकराव्याचं एकोद्दिष्ट (एकट्या मृतासाठीचं श्राद्ध), मासिकं (दर महिन्याची श्राद्धं), सपिंडीकरण (मृताला पितरांत मिळवणं), दानं. इतका पसारा एका नावाखाली मावायचा. मग हा शब्द गेला कुठे आणि त्याच्या जागी काय आलं, एवढंच शोधायचं आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज गुरुजींनी मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातला दहावा श्लोक पुढ्यात ठेवला :

भृत्यानामुपरोधेन यत्करोत्यौर्ध्वदेहिकम् ।
तद्भवत्यसुखोदर्कं जीवतश्च मृतस्य च ॥

भृत्य म्हणजे नोकरचाकर एवढंच नाही, ज्यांना पोसायची जबाबदारी आपल्यावर आहे ती सगळी माणसं. त्यांच्या तोंडचा घास काढून जो और्ध्वदेहिक करतो, त्याला त्याचं फळ दुःखाचंच मिळतं, जिवंतपणीही आणि मेल्यावरही.

इथं करणारा स्वतः जिवंत आहे. म्हणजे हे कुणा मेलेल्याचं क्रियाकर्म नाही. परलोकात आपलं बरं व्हावं म्हणून माणूस हयातीत जी दानं करतो, त्यांना इथं और्ध्वदेहिक म्हटलंय. आधीच्या श्लोकातही तोच राग आहे : घरची माणसं हालात आणि हा परक्यांना वाटतोय. शब्दाचा हा अर्थ रुंद आहे, 'पुढच्या देहासाठीचं जे काही ते'. रामायण-महाभारतात तो मृतासाठी मागे राहिलेल्यांनी करायच्या कर्मांकडे सरकलेला दिसतो, आणि मध्ययुगीन निबंधग्रंथांत (धर्मशास्त्राच्या संकलनांत) तर तो पक्का प्रकरणाचा मथळाच होतो. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधू (१६१२) असो की पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू (१७९०), मृताची क्रिया कुणी, कधी, कशी करायची याचा खल तिथं पानंच्या पानं चालतो.

कमलाकरभट्टांचं घराणं मूळचं पैठणचं, काशीत जाऊन स्थिरावलेलं. त्यांचे आजोबा नारायणभट्ट यांनी अंत्येष्टिपद्धती लिहिली. नारायणभट्टांचेच पणतू गागाभट्ट, ज्यांनी १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. मराठी मुलखातल्या मोठ्या घरांचे विधी सोयर ते सुतक काशीच्या याच एका भट्ट घराण्याच्या ग्रंथांवर बेतले जायचे, हे या कामात पुन्हा पुन्हा समोर येतंय.

मनूचा हा श्लोक उदाहरण म्हणून नोंदीत घ्यायचाच. तेराव्याच्या पंगतीसाठी सोसायटीचं कर्ज काढणाऱ्यांना दाखवायला बरा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

गंगावेशीकडून घाटाकडे जाताना एक दुकान लागतं. बाहेर कळक (बांबू) उभे केलेले, आत मडक्यांची उतरंड. शब्द विचारायला म्हणून गेलो.

"मामा, और्ध्वदेहिकाचं सामान मिळतं का?"

"काय म्हनला?"

"म्हणजे, माणूस गेल्यावर जे करतात त्याचं."

"असं बोला की मग सरळ. मातीचं पायजे का उत्तरकार्याचं?"

माझ्या चेहऱ्याकडे बघून आवाज उतरला. "कोन गेलंय? बाई हाय का बापय? सवाष्ण असली तर हिरवं लुगडं लागंल."

कुणी गेलेलं नाही, शब्दांचं काम करतोय म्हटल्यावर मामांनी स्टूल पुढे सरकवलं आणि दोन्ही याद्या पाठ म्हणून दाखवल्या. मातीचं सामान : दोन लांब कळक, आडव्या बांधायला कामट्या, काथ्याची दोरी, मडकं, कोरं पांढरं कापड, हार, गुलाल, बुक्का, कापूर, तूप. उत्तरकार्याचं सामान : काळे तीळ, जव, दर्भ, पिठं, पत्रावळी, जानवं, सुपाऱ्या, बारकी गाडगी. मडकं पहिल्या यादीत, गाडगी दुसऱ्या. "मिसळायचं न्हाई," मामा म्हणाले, "ह्यातलं तिकडं गेलं की भटजी वरडतोय."

इथं 'माती' म्हणजे दफन नव्हे हे बाहेरच्या वाचकासाठी नोंदवायला हवं. कोल्हापूरकडे दहन असलं तरी माणसं मातीलाच जातात, माती आटोपून येतात, तिसऱ्या दिवशी माती सावडतात किंवा राख सावडतात. जळण लाकडाबरोबर शेणीचं. शेणी म्हणजे इतर ठिकाणच्या गोवऱ्या. महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि होळीच्या सुमारास शहरातली मंडळं, तालमी पंचगंगा स्मशानभूमीला शेणीदान करतात. होळी लहान करा आणि उरलेल्या शेणी इकडे द्या, असं आवाहन दरवर्षी होतं. 'शेणीदान' हा शब्द कुठल्याच जुन्या कोशात असणार नाही. आमच्या यादीत घातला.

१८ ऑगस्ट, सोमवार

मामांच्या दोन याद्या डोक्यातून जाईनात, कारण पोथीत याद्या तीन आहेत.

विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात, तेराव्या अध्यायात, और्व ऋषी सगर राजाला सांगतात की क्रिया तीन प्रकारच्या : पूर्व, मध्यम आणि उत्तर. दहनापासून सुतक फिटून पाणी, शस्त्र वगैरेंना हात लावून शुद्ध होईपर्यंत जे चालतं ती पूर्व क्रिया. महिन्यामहिन्याला करायची एकोद्दिष्ट श्राद्धं ही मध्यम क्रिया. आणि सपिंडीकरण होऊन प्रेताचा पितर झाल्यावर जी पितृकर्मं होतात ती उत्तर क्रिया.

म्हणजे 'उत्तरक्रिया' हे मुळात संपूर्णाचं नाव नाहीच. ते तिसऱ्या भागाचं नाव आहे, तेही अशा भागाचं की जिथं गेलेला माणूस 'प्रेत' राहिलेला नसतो. आज मराठीत उत्तरक्रिया, उत्तरकार्य म्हणजे माणूस गेल्यानंतरचं सगळं. तिसऱ्या भागाने उरलेले दोन कसे गिळले?

मला वाटतं उत्तर दिवसांच्या हिशेबात आहे. प्रेत आणि पितर यांच्यामध्ये मूळ कल्पनेत एक वर्ष आहे. गरुडपुराणात पहिल्या दहा दिवसांचे पिंड म्हणजे नव्या देहाची जुळवाजुळव : पहिल्या दिवशी डोकं, दुसऱ्या दिवशी मान आणि खांदे, तिसऱ्या दिवशी हृदय, चौथ्याला पाठ, पाचव्याला नाभी, सहाव्याला कंबर आणि गुह्य, सातव्याला मांड्या, मग गुडघे, पावलं, आणि दहाव्या दिवशी भूक आणि तहान. (सगळा देह झाल्यावर शेवटी भूक येते, हे ज्याने रचलं त्याने माणूस नीट पाहिलेला होता.) त्यानंतर हा देह वर्षभर यमलोकाच्या वाटेवर असतो, म्हणून महिन्याला एक श्राद्ध, वाटेची शिदोरी. वर्ष भरलं की सपिंडीकरण. प्रेताचा पिंड तीन पितरांच्या पिंडांत मिसळायचा, की झाला तो पितर.

पण वर्षभर थांबणार कोण? घरात लग्नं अडतात, शुभकार्यं अडतात. शास्त्रकारांनीच सोय काढून ठेवली : सपिंडीकरण बाराव्या दिवशी केलं तरी चालतं. त्यासाठी वापरतात तो श्लोक मोठा प्रांजळ आहे. कुळधर्मांना अंत नाही, माणसाचं आयुष्य सरत जातं, शरीराचा भरवसा नाही, म्हणून बारावा दिवस उत्तम. आता सपिंडीकरण बाराव्याला ओढलं तर त्याच्या आधी व्हायची मासिकं जाणार कुठे? तीही ओढून अकराव्या-बाराव्याला उरकायची. म्हणजे मध्यम क्रियेचं वर्ष दीड-दोन दिवसांत आलं. तिला स्वतःचा काळच उरला नाही, आणि ज्याला काळ उरत नाही त्याचं नाव लोकांच्या तोंडी कशाला राहील? 'मध्यमक्रिया' मराठी बोलण्यात कुठे ऐकलंय का कुणी? मी तरी नाही.

मधला भाग निघाल्यावर पूर्व आणि उत्तर एकमेकांना खेटले. चितेपर्यंतचं ते 'माती', त्याच्या पुढचं ते सगळं 'उत्तर'. दुकानातल्या मामांनी मला तेच सांगितलं होतं.

गुरुजींना हा तर्क वाचून दाखवला. म्हणाले, "तर्क म्हणूनच लिहा, सिद्धान्त म्हणू नका." त्यांचं ऐकायचं. पण तर्क पटला असावा, कारण चहा त्यांनी सांगितला.

२५ ऑगस्ट, सोमवार

निधनवार्ता चाळल्या. कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत या छोट्या चौकटींची भाषा ठरलेली असते. "त्यांच्या पश्चात..." पासून सुरू होऊन शेवटचं वाक्य : "रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता पंचगंगा स्मशानभूमी येथे." पुण्या-मुंबईच्या चौकटीत रक्षाविसर्जनाची वेळ इतक्या ठळकपणे दिसत नाही. इथं ती असतेच, कारण दहनाला जे पोचू शकले नाहीत ते भावकीचे, गल्लीतले, तालमीतले लोक रक्षाविसर्जनाला हमखास येतात. पोथीतलं अस्थिसंचयन हे. कोल्हापुरात त्याने जवळजवळ दुसऱ्या अंत्ययात्रेची जागा घेतली आहे.

मुसलमान घरांच्या चौकटीत त्याच जागी 'जियारत' (मृतासाठीची प्रार्थना) येतं, तेही बहुधा तिसऱ्या दिवशी. लिंगायत घरांत माणूस 'लिंगैक्य' होतो. देह बसवून समाधी देतात, विधी जंगम (त्यांचे पुरोहित) करतात, पिंड नाही, प्रेतत्व मानत नाहीत म्हणून सपिंडीकरणाचा प्रश्नच नाही. जैनांतही पिंड नाही. म्हणजे और्ध्वदेहिक हा शब्द शहरातल्या कितीतरी घरांना कधी लागूच नव्हता. 'उत्तरकार्य' मात्र यातली बरीच घरंही सहज छापतात. पिंड असो नसो, 'नंतरचं कार्य' सगळ्यांनाच असतं.

'मयत' अरबीतून आला आणि सगळ्यांचा झाला. तलाठ्याकडे वारसनोंदीला जा, 'मयत खातेदार' म्हणूनच लिहितात. त्यावर वेगळी नोंद करायची.

परवा गणपती बसतात. काम थांबणार.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. गल्लीत म्हाळ सुरू. शुद्ध शब्द महालय, इथं म्हाळच. विष्णुपुराणाच्या हिशेबाने खरी उत्तरक्रिया ही, पण हिला कुणी उत्तरकार्य म्हणत नाही. नोंदीत एक ओळ.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज 'अधिकार' या उपनोंदीवर दिवस गेला. और्ध्वदेहिक कुणी करायचं हा प्रश्न नुसता धर्माचा नव्हता, इस्टेटीचा होता, आणि राजघराण्यांत राज्याचा.

विष्णुपुराणात तिथंच पुढे क्रमवारी दिलीय. उत्तर क्रिया मुलांनी वगैरे करायची, मुलीच्या मुलालाही चालते. पूर्व क्रियेला मात्र दार मोठं आहे : आईबापाकडचे सपिंड (जवळचे भाऊबंद), समानोदक (पाणी देण्यापुरतं नातं उरलेले दूरचे भाऊबंद), सोबतचे लोक, आणि कुणीच नसेल तर धन घेणारा राजा. शेवटचं कलम फार आवडलं. बेवारशाची मालमत्ता सरकारजमा करणार असाल तर त्याला अग्नीही तुम्हीच द्यायचा.

गव्हर्नर जनरल डलहौसीने नेमकं उलटं केलं. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मरण्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता. कंपनी सरकारची भूमिका अशी की दत्तक मुलाने खाजगी मिळकत घ्यावी, धर्मकृत्यं करावीत, त्याला हरकत नाही. राज्य मात्र आमच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडे जात नाही. पिंड दत्तकाने द्यायचा, सातारा कंपनीने घ्यायचा. हिंदू कायद्यात दत्तक घेण्याचं कारणच मुळी और्ध्वदेहिक; त्या कारणाला मान देऊन त्याचं फळ तेवढं काढून घेतलं.

कोल्हापूरचं संस्थान त्या वरवंट्यातून वाचलं, पण दत्तकांची मालिका इथंही झाली. छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्स इथं वारले. वय अवघं वीस. युरोपात तेव्हा प्रेत जाळण्याची रीत नव्हती. सोबतच्या मंडळींनी दहनाचा आग्रह धरला, अधिकाऱ्यांची परवानगी मिळवली, आणि शहराबाहेरच्या मोठ्या उद्यानाच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्री चिता रचली. त्या उद्यानाच्या नावाचा इटालियन उच्चार 'काशीने' असा होतो. मुद्दाम शोधूनही अशी जागा मिळाली नसती : संगम, आणि नावात काशी.

तिथं १८७४ साली छत्री उभारली, आत महाराजांचा अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला. शेजारच्या पुलालाही इटालियनांनी 'त्या हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाचं नाव दिलंय. महाराजांना मूल नव्हतं. १८७१ साली दत्तक आले ते चौथे शिवाजी महाराज. ते १८८३ साली अहमदनगरला वारले, तेही निपुत्रिक. १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले ते शाहू महाराज. गादी एका दत्तकाकडून दुसऱ्या दत्तकाकडे गेली, आणि प्रत्येक वेळी प्रश्न तोच : क्रियेला कोण बसणार?

सहकारी म्हणाली, "सर, ही शब्दाची नोंद आहे की कोल्हापूरचा इतिहास?" तिचं बरोबर आहे. फ्लॉरेन्सचा मजकूर दोन ओळींत आणायचा. इथं मात्र राहू दे.

१५ सप्टेंबर, सोमवार

कोल्हापुरात बसून या विषयावर लिहायचं आणि वेदोक्त, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदातल्या मंत्रांनी व्हावेत की शूद्रांसारखे पुराणातल्या, हा वाद टाळायचा हे शक्य नाही.

गोष्ट सर्वांना माहीत आहे. एकोणिसावं शतक संपत असताना, कार्तिक महिन्यात पंचगंगेवर स्नान चालू असता, शाहू महाराजांसाठी म्हटले जाणारे मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत हे संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिलं. पुढे राजोपाध्यांनी (राजघराण्याच्या पुरोहितांनी) वेदोक्त म्हणायला नकार दिला आणि १९०२ साली त्यांचं वतन जप्त झालं. हा वाद आपण स्नानाच्या मंत्रांचा म्हणून सांगतो. खरं तर तो सगळ्या संस्कारांचा होता, आणि त्यात मृताचे संस्कारही आले. लग्नाचे मंत्र कुठले यावर मांडवात तरी हुज्जत घालता येते. और्ध्वदेहिकाचं तसं नाही. दारात प्रेत असताना भटजीशी कोण भांडणार? म्हणूनच पुरोहिताची पकड तिथं सगळ्यात घट्ट होती.

ती सोडवायचे दोन रस्ते कोल्हापूरने पाहिले. एक, मंत्र तेच ठेवून म्हणणारा बदलायचा : १९२० साली ब्राह्मणेतर पुरोहित तयार करणारी वैदिक शाळा निघाली आणि सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू (मराठ्यांचे स्वतःचे धर्मगुरू) म्हणून बसवलं. दुसरा रस्ता सत्यशोधकांचा : म्हणणारा नको आणि संस्कृतही नको. महात्मा फुल्यांनी सत्यशोधक पूजाविधींची मराठी पुस्तिका १८८७ साली काढली होती, आणि १८९० साली ते गेले तेव्हा टिटवं (अंत्ययात्रेपुढे धरायचं मडकं) सावित्रीबाईंनी धरलं. कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा १९११ साली निघाली.

पहिल्या रस्त्याने गेलं तर और्ध्वदेहिक हा शब्द टिकला असता, कारण पोथी टिकली असती. दुसऱ्या रस्त्याला त्याची गरजच नाही. आजच्या निधनवार्ता पाहिल्या तर शब्दांपुरता तरी दुसरा रस्ता जिंकलाय असं माझं मत. मंत्र म्हणायला भटजी येतात अजून, पण कार्याला नाव घरच्यांनी दिलेलं असतं.

जिल्ह्यातल्या अनेक गावांत आता रक्षा नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा काढून त्यात टाकतात आणि वर झाड लावतात. त्यालाही रक्षाविसर्जनच म्हणतात.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घटस्थापना. अंबाबाईच्या देवळाकडे पाय ठेवायला जागा नाही, आणि मी घरी बसून 'घटस्फोट' ही नोंद लिहितोय. योगायोगाला इलाज नाही.

हा शब्द यादीत का, असं सहकारीने विचारलं होतं. कारण तो जिवंत माणसाच्या और्ध्वदेहिकाचा शब्द आहे. मनुस्मृतीच्याच अकराव्या अध्यायात, पुढे १८० च्या पलीकडचे श्लोक पाहा. माणूस पतित झाला, म्हणजे असं पाप केलं की कुळ त्याला ठेवायला तयार नाही, तर सपिंड आणि बांधवांनी मिळून गावाबाहेर जायचं. दिवस निंद्य, वेळ संध्याकाळची. नातलग, ऋत्विज (यज्ञ करणारे पुरोहित), गुरू हजर. त्यांच्या समोर दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडायचा, 'प्रेतवत्', मेलेल्यासाठी करतात तसा. मग सगळ्यांनी एक दिवस-रात्र सुतक पाळायचं. त्या माणसाशी बोलणं बंद, बसणं बंद, वाटणी बंद. तो गावात कुठेतरी हिंडतोय आणि घरच्यांनी त्याचं सुतक फेडूनही टाकलंय.

परत यायची वाटही तिथंच दिलीय. प्रायश्चित्त झालं की त्याच्यासह सगळ्यांनी पवित्र जलाशयात स्नान करायचं आणि पाण्याने भरलेला नवा घट त्या पाण्यात सोडायचा.

पुढच्या धर्मग्रंथांत या विधीला घटस्फोट हे नाव रूढ झालं आणि जातीबाहेर टाकण्याशी जोडलं गेलं. नातं तोडण्याच्या त्या अर्थावरून मराठीने तो नवराबायकोच्या फारकतीला लावला. ज्या जातींत फारकतीची चाल होती त्यांच्याकडे काडीमोड हा साधा शब्द होताच. ज्यांच्याकडे चाल नव्हती त्यांना कायद्याने ती आली, मुंबई प्रांतात १९४७ साली आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. नवी गोष्ट आली तेव्हा भारदस्त शब्द हवा होता. काडीमोड बिचारा गावातच राहिला.

हिंदीने तलाक घेतला. मराठीने मडकं फोडलं. कौटुंबिक न्यायालयाच्या पाटीवर रोज वाचणाऱ्या कुणालाही यात प्रेत दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही. पण कोशात ते दिसायला हवं.

२९ सप्टेंबर, सोमवार

और्ध्वदेहिकाला स्वतंत्र पान द्यायचं की 'उत्तरकार्य'च्या पानात एक परिच्छेद, यावर तिघांचं बसून ठरलं. सहकारीचं म्हणणं, शोधणारा माणूस 'उत्तरकार्य' टंकणार, त्याला और्ध्वदेहिकाच्या पानावर नेणं म्हणजे तहसीलला आलेल्याला मंत्रालयात पाठवणं. गुरुजींचं म्हणणं, दोन्ही शब्दांचा अर्थ 'नंतरचं' असला तरी शब्द एक नाहीत, एकात दुसरा कोंबू नका. मी गुरुजींच्या बाजूने. दोन पानं. उत्तरकार्याच्या पानावर तीन क्रियांचा तक्ता आणि बाराव्या दिवसाचा श्लोक. और्ध्वदेहिकाच्या पानावर मनू, पद्धती आणि अधिकार. मामांच्या दोन्ही याद्या उत्तरकार्याच्या पानावर, जशाच्या तशा. 'बापय' आणि 'सवाष्ण' हे शब्द बदलायचे नाहीत.

पुढचा शब्द किरवंत. क्रियावंत या शब्दावरून आला असं मानतात : क्रिया करणारा. मर्तिकाची क्रिया चालवणारे ते ब्राह्मण, आणि त्याच कारणावरून इतर ब्राह्मण त्यांना हलकं लेखत, पंगतीला आणि सोयरिकीला टाळत. सगळ्या गावाचं सुतक ज्याने फेडायचं त्याचं स्वतःचं मात्र कधीच फिटत नसे. याचं टिपण गुरुजी लिहिणार आहेत, त्यांना घरातलं माहीत आहे.